ऋतूंवरचे हायकू मुलांकडून कसे लिहून घ्यावेत?

तिसरी घंटा

सातवीचा वर्ग, ४० मुलं, ३५ मिनिटांचे चार तास. 'ऋतू' या विषयावर हायकू, म्हणजे मूळच्या जपानी वळणाच्या तीन ओळींच्या छोट्या कविता, लिहून घ्यायचेत. ओळींत अनुक्रमे ५-७-५ अक्षरं सांगितली की मुलं बोटं मोजत बसतात आणि असलं काहीतरी हातात येतं:

पाऊस आला
धरती आनंदली
मन नाचले

किंवा

पानगळीचे
दुःख झाडाला होते
रडते झाड

मोजणी दोन्हीकडे बिनचूक आहे, तरी वाचून काहीच होत नाही. नेमकं काय बिघडलंय ते मुलांना कसं दाखवायचं? मोजणी कधी आणायची? यमक लावायचं की नाही? आणि गुण कसे द्यायचे? जाणकारांनी जरा विस्तारानं लिहावं.

झाडाखालचा

मोजणी तिसऱ्या तासाला. पहिल्या तासाला 'हायकू' हा शब्दही काढू नका, 'कविता' तर नाहीच. कविता म्हटलं की मुलांच्या लेखणीतून धरती, मन, आनंद आपोआप गळायला लागतात.

पहिला तास असा: १५ मिनिटं बाहेर. बाहेर जाणं शक्य नसेल तर खिडकी, जिना, गच्ची, काहीही चालेल. वहीच्या पानाचे तीन रकाने करायचे: दिसलं, ऐकू आलं, अंगाला किंवा नाकाला जाणवलं. प्रत्येक रकान्यात किमान तीन नोंदी. एक नोंद म्हणजे एक वस्तू आणि ती काय करतेय ते, चार ते सहा शब्दांत. त्यातली तीन मिनिटं डोळे मिटून बसवा, नाहीतर पहिला रकाना भरून वाहतो आणि बाकीचे दोन कोरे राहतात.

बंदी असलेले शब्द फळ्यावर लिहून ठेवा: सुंदर, छान, मोहक, निसर्ग, मन, आनंद, जणू. ऋतूचं नावही बंद.

वर्गात परतल्यावर प्रत्येकानं एक नोंद वाचायची आणि बाकीच्यांनी ऋतू ओळखायचा. खरी शिकवणी इथे होते. 'कावळा फांदीवर बसलाय' ही नोंद वर्षात कधीही खरी असते, म्हणून ती परत. 'कावळा चोच उघडी ठेवून बसलाय' म्हटलं की उन्हाळा लगेच ओळखू येतो, कारण उष्म्यानं पक्षी चोच उघडून धापा टाकतात. विशेषण एकही वापरलेलं नाही, ऋतूचं नाव नाही, आणि तरी ऋतू आला. हा फरक मुलांना दोन-तीन उदाहरणांत कळतो. नियम म्हणून सांगितला तर कळत नाही.

तुमचे दोन नमुने याच चाळणीतून काढा. पहिला न बघता, खिडकी बंद करून, कुठल्याही महिन्यात लिहिता येतो. दुसऱ्यात झाड दिसतच नाही, झाडाबद्दलचं मत तेवढं दिसतं.

रेघोट्या

वरच्याशी सहमत. फक्त एक जोडते: जो ऋतू बाहेर चालू आहे त्यावरच लिहायला सांगा. भर थंडीत 'पावसाळा' विषय दिला की मुलं आठवणीतला पाऊस लिहितात, म्हणजे पाठ्यपुस्तकातला.

यामागे परंपराही आहे. हायकू मुळात रेंगा या जपानी साखळी-कवितेचं पहिलं कडवं, त्याला होक्कू म्हणत. मंडळी ज्या ऋतूत जमलेली असे तो ऋतू होक्कूत यावाच लागे. शिकी या जपानी कवीनं (१८६७–१९०२) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते कडवं साखळीतून कायमचं सुटं केलं आणि 'हायकू' हे नाव रूढ केलं. ऋतुशब्द, म्हणजे किगो, तिथून सोबत आला. शिकीचा दुसरा आग्रह 'शासेई'चा, समोर आहे त्याचं रेखाटन करण्याचा. शाळेत शिकवायला त्याच्याइतका सोयीचा गुरू नाही.

जपानी हायकूकार ऋतुशब्दांचे कोश वापरतात. त्यांना साइजिकी म्हणतात. त्यांत प्रत्येक ऋतूचे साधारण असे विभाग असतात: काळ-हवामान, आकाश, जमीन आणि पाणी, माणसांचं जगणं, प्राणी, वनस्पती. नववर्षाला चार ऋतूंशेजारी स्वतंत्र जागा असते. फळ्यावर सहा चौकटी आखून वर्गाचा स्वतःचा ऋतुकोश करा. आकाश आणि वनस्पती पाच मिनिटांत भरतात. 'माणसांचं जगणं' रिकामं राहतं, कारण मुलांना वाटतं ऋतू फक्त झाडाला येतो. तिथे ढकला: न वाळलेले कपडे, फुटलेले ओठ, पंख्याची घरघर, स्वेटरच्या बाहीचा सुटलेला धागा, पाण्यानं फुगून न लागणारं दार. सगळ्यात चांगले हायकू याच चौकटीतून निघतात.

जपानी याद्या मात्र जशाच्या तशा आणू नका. तिकडे नुसता 'चंद्र' म्हटलं की शरद, चतुर हा कीटक शरदाचा, बेडूक वसंताचा. हे संकेत शेकडो वर्षांच्या वाचनातून घट्ट झालेत. आपल्या वाचकाच्या मनात नुसत्या 'चंद्र' शब्दानं कुठलाच ऋतू उभा राहत नाही. बेडूक तर सरळ पावसाळ्यात जातो.

आडवी रेघ

मग सहा ऋतू शिकवायचे की तीन?

रेघोट्या

लिहिण्यासाठी तीन: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. आणि त्यांच्या कडा. कडा महत्त्वाच्या आहेत. पाऊस संपत आलाय पण छत्री सोडवत नाही, थंडी गेलीय पण पांघरूण लागतं, अशा जागी मुलांना खूप काही सापडतं. वसंत, शिशिर, हेमंत ही नावं माहीत असावीत, पण सातवीच्या हायकूत 'शिशिर' आला की त्यामागून 'ऋतुराज' आणि 'सृष्टी' येणारच असं समजा.

अक्षरगणिती

मोजणीबद्दल, कारण इथे शिक्षकांचाच गोंधळ जास्त असतो.

मराठीत आपण अक्षरं मोजतो. नियम थोडे आहेत. जोडाक्षर एक: 'छत्री' २, 'उन्हाळा' ३. मुलं न् वेगळा धरून ४ मोजतात. अनुस्वार आणि विसर्ग वेगळे मोजायचे नाहीत: 'थंडी' २, 'दुःख' २. पाय मोडलेलं अक्षर मोजायचं नाही: 'अन्' १. सुटा स्वर पूर्ण अक्षर: 'पाऊस' ३. 'सायकल' ४. फळ्यावर हे सात शब्द घातले की ९० टक्के शंका मिटतात.

जपानीत मोजतात ते 'ओन', आणि ते आपल्या अक्षरापेक्षा लहान असतात. दीर्घ स्वराचे दोन ओन होतात, शब्दातल्या सुट्या अनुनासिकाचा एक स्वतंत्र ओन. 'तोक्यो' आपल्याला दोन अक्षरांचं दिसतं, तिकडे ते चार ओन भरतं. म्हणजे १७ अक्षरांत आपण बऱ्याचदा जास्त मजकूर कोंबतो.

दुसरी गोष्ट. मराठीत अंत्य 'अ' लिहितो पण बोलत नाही. 'पान' कागदावर २, तोंडात १. हे दोन बघा, दोन्ही ५-७-५:

मिटली छत्री —
टोकाखाली वाढते
गोल डबके

भर दुपार —
खांबाच्या सावलीत
सगळी रांग

पहिला म्हणताना १३ ठोके पडतात, दुसरा म्हणताना ११. कागदावर सारखे, कानाला वेगळे. अभंगात हा प्रश्न येत नाही, कारण गाताना आपण अंत्य अकार उच्चारतो. हायकू गात नाहीत, तेव्हा मुलांनी मोठ्यानं म्हणून बघणं हीच खरी तपासणी. मधली ओळ कानाला लांब लागली आणि कडेच्या आखूड, की पुरे. एखादं अक्षर इकडेतिकडे झालं तर चांगली ओळ मोडू देऊ नका.

बरं, अक्षर कमी पडलं की मुलं काय करतात ते ओळखायला शिका: 'पानावर'चं 'पानावरती' होतं, 'येऊन'चं 'येऊनिया', ओळीत 'बघा', 'रे', 'हळूच' घुसतात, किंवा 'थेंब थेंब थेंब' अशी भरती होते. हे दिसलं की सांगायचं: भरू नकोस, वेगळी वस्तू शोध किंवा वस्तूचं नेमकं नाव घाल. 'झाड'ऐवजी 'पिंपळ' लिहिलं की एक अक्षर वाढतं आणि चित्रही वाढतं.

कोरा कागद

छत्री आणि रांग दोन्ही छान आहेत. पण तिसऱ्या घंटेच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मोजणीत नाही, त्या रेघेत आहे जी अक्षरगणितींनी पहिल्या ओळीपुढे मारलीय आणि तिच्याबद्दल काही बोलले नाहीत. :)

हायकूला एक छेद लागतो. जपानीत त्यासाठी किरेजी नावाचे शब्दच आहेत, 'या', 'काना', 'केरी' वगैरे. आपल्याकडे तसा शब्द नाही, म्हणून रेघ मारतो किंवा क्रियापद न घालता ओळ नामावर सोडतो. छेदामुळे दोन तुकडे होतात. एक लहान (बहुधा ऋतूचा), एक मोठा. दोन्हींमधला संबंध कवी सांगत नाही, तो वाचकानं जोडायचा.

दुसऱ्या तासाला हे पट्ट्यांनी करून घ्या. कागदाच्या दोन प्रकारच्या पट्ट्या. आखूड पट्टीवर ऋतुकोशातली नोंद, एक-दोन शब्दांत: 'पहाटधुके', 'पहिला पाऊस', 'भर दुपार'. लांब पट्टीवर आदल्या तासाची एक नोंद, जिच्यात तो ऋतुशब्द नाही. पाच जणांचा गट, प्रत्येकाच्या दोन आखूड आणि दोन लांब. सगळ्या मधे ठेवायच्या आणि जोड्या लावून बघायच्या, आपली पट्टी आपल्याच पट्टीला लावायची सक्ती नाही. वीस मिनिटांत प्रत्येक गटाकडे चार-पाच जोड्या अशा निघतात की मुलंच 'अरे' म्हणतात.

दोन चुका ठरलेल्या. एक, तुकडे फार जवळ: 'पहिला पाऊस' आणि 'अंगण भिजले'. दुसरा तुकडा पहिल्याचा परिणामच आहे, वाचकाला काम उरलं नाही. दोन, तुकडे फार लांब: 'पहिला पाऊस' आणि 'पेन्सिलीला टोक नाही'. तपासायला एकच प्रश्न पुरतो: मधे 'म्हणून' घालून वाक्य सरळ लागलं तर फार जवळ, आणि दहा जणांपैकी एकालाही दुवा सांगता आला नाही तर फार लांब.

योग्य अंतराचा नमुना:

पहाटधुके —
सायकलीची घंटी
आधी पोचते

धुकं दाट आहे हे कुठेही म्हटलेलं नाही. सायकल दिसत नाही हेही नाही.

आडवी रेघ

हरकत आहे. प्रत्येक हायकूत दोन वेगळ्या वस्तू शेजारी ठेवल्या पाहिजेत असं नाही. एकाच वस्तूवर टिकून राहणारा हायकूही जपानीत तितकाच मान्य आहे. वरचा छत्रीचा हायकू काय आहे? मिटलेली छत्री आणि तिचंच पाणी. पट्ट्यांच्या खेळानं मुलांना वाटेल की कुठल्याही दोन गोष्टी चिकटवल्या की झालं.

कोरा कागद

मान्य, एकवस्तू हायकू असतातच. पण शिकवायला ते अवघड. सातवीतल्या मुलानं एकाच वस्तूवर लिहिलं की बहुतेक वेळा एक गद्य वाक्य तीन ओळींत मोडलेलं मिळतं: 'लाल फुलावर / बसले फुलपाखरू / रंगीत मोठे'. छेद हाताला लागला की मग एका वस्तूतही तो सापडतो, छत्रीत सापडलाय तसा. आधी पट्ट्या, मग हे. आणि एकाच हायकूत दोन छेद नकोत. तीन ओळी तीन जागी तुटल्या की ती यादी होते.

तिसरी घंटा

'रडते झाड' दुरुस्त कसं करायचं? लिहिणाऱ्याला ते मनापासून आवडलेलं असतं, आणि झाडाला माणूस करणं हेच तर भाषेच्या तासाला अलंकार म्हणून शिकवतो.

झाडाखालचा

खोडू नका, विचारा. 'झाड रडतंय हे तुला कशावरून वाटलं? तिथे काय होतं?' पान पडताना बघितलं होतं का? कुठे पडलं? नंतर काय झालं? चौथ्या-पाचव्या प्रश्नाला खरी वस्तू बाहेर येते. समजा ती अशी आली की झाडून झाल्यावर पुन्हा पान पडलं. मग:

झाडून झाले —
खराट्यावर एक
पिवळे पान

पहिल्या हायकूतलं दुःख इथेही आहे, हवं त्याला. ज्याला गंमत वाटेल त्याला गंमत.

अलंकाराबद्दल: चेतनगुणोक्ती चुकीची नाही, पण ती वाचकाच्या वाट्याचं काम स्वतः करून टाकते. मुलांना एवढं सांगा की आजच्या चार तासांपुरते 'जणू', 'जसे' आणि रडणारी झाडं सुट्टीवर.

तिसऱ्या ओळीवर वेगळं लक्ष ठेवा. दोन ओळी नेमक्या लिहून तिसरीत तात्पर्य सांगायची ओढ फार असते: 'किती ही शांती', 'हेच जीवन'. उपाय सोपा आहे. तिसरी ओळ हातानं झाका, पहिल्या दोन वाचा आणि विचारा, 'पुढे काय दिसलं?' सुचलं नाही तर पहिली ओळ तिसरीच्या जागी नेऊन बघा.

आडवी रेघ

यमकावर कोणी बोललं नाही. मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी, आणि मराठी हायकूत तीनपैकी दोन ओळींना यमक असण्याची रीत पडली. ५-७-५ न पाळणारे पण यमक पाळणारे हायकू मराठीत भरपूर आहेत. मुलांना यमक तोडूनच टाका म्हणणं म्हणजे आपल्याच परंपरेकडे पाठ फिरवणं. शिवाय यमकानं ओळी पाठ राहतात.

अक्षरगणिती

रीत आहे, वाद नाही. पण अक्षरसंख्या, यमक, ऋतू आणि छेद अशी चारही ओझी एकदम दिली की मूल सर्वांत सोपं ते उचलतं. यमक सर्वांत सोपं, कारण मराठीत क्रियापदं शेवटी येतात आणि -ते, -ले, -तो नं ती आपोआप जुळतात. 'येते-जाते-गाते' हे यमक असूनही त्यातून काही मिळत नाही. जपानीत तर शब्द बहुतेक पाच स्वरांपैकी एकावरच संपतात, म्हणून यमक फुकट पडतं आणि त्याला तिथे फारशी किंमतही नाही.

तडजोड: पहिल्या खर्ड्यात यमकाचा विचार नको. शेवटच्या खर्ड्यात नामाचं नामाशी जुळत असेल तर ठेवा. क्रियापदांची जुळणी करण्यासाठी शब्दांची उलथापालथ झाली असेल तर काढा.

आडवी रेघ

नामांचं यमक हा मुद्दा पटला. पण तयार यमकबद्ध हायकू वर्गात वाचून तरी दाखवा, मुलांच्या कानाला दोन्ही चाली माहीत असाव्यात.

रेघोट्या

ऋतुशब्द एका हायकूत एकच. 'धुके, शेकोटी, दवबिंदू' सगळं एकत्र आलं की थंडी वाढत नाही, पातळ होते. जपानीतही दोन ऋतुशब्द एकत्र आणणं साधारणपणे टाळतात.

तपासणीसाठी कुकाई करा. जपानी हायकू-मंडळांची ही जुनी पद्धत, वर्गाला फार सोयीची. आठ-आठ जणांचे पाच गट. प्रत्येकानं दोन हायकू, दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर, नाव न घालता. गटाच्या १६ चिठ्ठ्या पिसायच्या आणि प्रत्येकाला दोन वाटायच्या. त्या त्यानं स्वच्छ कागदावर उतरवायच्या. ही पायरी गाळू नका. अक्षर ओळखू आलं की मैत्रीवर मतं पडतात. मग आठ कागद गोल फिरतात, प्रत्येकजण स्वतःचे सोडून तीन निवडतो आणि त्यातल्या एकाला विशेष खूण करतो. निवड मोठ्यानं वाचायची, आणि कवीचं नाव विचारण्याआधी 'का निवडला' ते एका वाक्यात सांगायचं. 'आवडला' हे कारण धरायचं नाही. सगळ्यात शेवटी कवी हात वर करतो.

शून्य मतं पडलेल्या चिठ्ठ्यांची नावं जाहीर करायची नाहीत. शिक्षकांनीही एक चिठ्ठी टाकावी. तिला मतं पडली नाहीत तर वर्ग खूश होतो, आणि ते बरंच आहे. आठ जणांना यासाठी ३० मिनिटं लागतात, म्हणजे चौथा तास यातच जाईल. उतरवून काढण्याचं काम तिसऱ्या तासाच्या शेवटी उरकलंत तर चर्चेला वेळ मिळेल.

तिसरी घंटा

आणि गुण? दहापैकी द्यायचेत, त्यातून सुटका नाही.

कोरा कागद

प्रत्यक्ष पाहिलेली नेमकी वस्तू ४, छेद आणि दोन तुकड्यांतलं अंतर ३, ऋतू नाव न घेता ओळखू येणं २, अक्षरसंख्या १. नुसतं मोजून लिहिणाऱ्याला दहापैकी एक, आणि मोजणीत चुकलेल्या चांगल्या हायकूला नऊ. हे आधीच फळ्यावर लिहा म्हणजे तक्रार राहत नाही.

हायकूसोबत पहिल्या तासाचं नोंदींचं पान आणि दोन खर्डे जोडायला सांगा. मोबाइलवरून आयता आणलेला हायकू लगेच उघडा पडतो, कारण त्याला नोंद नसते. घरी लिहून आणायला देऊच नका, चारही तास वर्गातच.

झाडाखालचा

गुणांची वाटणी ठीक, पण तिसरी-चौथीसाठी कोणी हे वाचत असेल तर तिथे अक्षरं मोजू नका आणि गुणही नकोत. आखूड ओळ, लांब ओळ, आखूड ओळ, एवढंच. छेद आठवीनंतर नावानिशी शिकवा, त्याआधी पट्ट्यांनी नुसता करून घ्या.

तिसरी घंटा

शेवटची शंका. एका मुलाची नोंद आहे, 'बाकावर बसल्यावर पाय उचलून घेतले, फरशी गार'. यात ऋतुशब्द कुठला?

रेघोट्या

'गार फरशी' हाच. तुमच्या कोशात 'माणसांचं जगणं' या चौकटीत हिवाळ्याखाली टाका. फक्त 'बसल्यावर' काढा, ते कारण सांगतंय. 'गार फरशी —' ही पाच अक्षरं झाली, आता त्याला विचारा की उचललेले पाय त्यानं ठेवले कुठे. मधली सात तिथे आहेत.